पलटणीच्या दप्तरातील संक्षेप

सात-बाराचा उतारा ज्याने एकदा तरी हातात धरला आहे, त्याला संक्षेपाची ताकद निराळी सांगावी लागत नाही. खातेदाराच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ 'एकत्र कुटुंब मॅनेजर'. ज्याला ही अक्षरे वाचता येतात त्याला कळते की, जमीन एकट्या थोरल्या भावाची नसून मागे सर्व भावंडांचा हिस्सा आहे. ज्याला वाचता येत नाहीत, तो आपला हिस्सा दुसऱ्याच्या नावावर पाहून मुकाट्याने घरी जातो. 'पो.ख.' म्हणजे पोटखराबा, हेही शेतकऱ्याला पाठ असते. कारण त्यावर आकारणीचे गणित बसलेले असते. दप्तरातील आखूड अक्षरे ही अशी लांब पल्ल्याची असतात.

आज आपण अशाच एका दप्तराचा विचार करणार आहोत. ते म्हणजे ब्रिटिश अमदानीतील लष्करी नोकरीचे कागद. आपल्या भागातील, किंबहुना सबंध महाराष्ट्रातील, कितीतरी घरांत पत्र्याच्या पेटीच्या तळाशी असे कागद आहेत. कोठे डिस्चार्जचे पुस्तक आहे, कोठे रेकॉर्ड ऑफिसातून आलेले पत्र आहे, कोठे नुसतेच एक पदक आणि त्यासोबतची चिठ्ठी. नातवंडे आता इंग्रजी शिकलेली आहेत, तरी हा कागद त्यांना वाचता येत नाही. कारण तो इंग्रजीत असला तरी कारकुनी इंग्रजीत आहे. चार शब्दांच्या जागी चार अक्षरे, आणि त्यांतील दोन शाई उडालेली.

कामगारांच्या संघटनेत काम करताना हजेरीपट, पगारपत्रके आणि सेवापुस्तके वाचण्यात आमचा बराच काळ गेला आहे. त्यातून एक नियम आमच्या ध्यानात आला, आणि तो लष्करी कागदांना तंतोतंत लागू पडतो. नियम असा की, संक्षेपाला स्वतःचा अर्थ नसतो. तो अर्थ त्याला तीन जागांवरून मिळतो: तो कोणत्या सदरात लिहिला आहे, कोणत्या साली लिहिला आहे, आणि त्याच्या शेजारी काय लिहिले आहे. नुसती अक्षरांची यादी पाठ करणारा माणूस येथे हमखास फसतो. कागद घेऊन येणारी माणसे साधारणतः चारच गोष्टी विचारतात: हा कागद आमच्याच माणसाचा काय, तो कोठे होता, त्याचे काय झाले, आणि आमचे काही मिळायचे राहिले काय? त्याच क्रमाने आपण जाऊ.

माणूस कोणता?

शिपायाची ओळख नावावरून पटत नाही, कारण एका पलटणीत एकाच नावाचे दहा जण असत, आणि इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू येई तसे नाव उमटे. ओळख पटते ती नंबरावरून. पण नंबर एकटा उपयोगाचा नाही. हे नंबर पलटणीपलटणीचे निराळे असत. म्हणून एकच नंबर दोन पलटणींत दोन माणसांचा असू शकतो. नंबर आणि पलटण ही जोडीच खरी.

पलटणीचे नाव बहुधा अपूर्णांकासारखे दिसते. '३/५ एम.एल.आय.' हे पाहून पुष्कळांना पाचांतील तीन असे काही वाटते. त्याचा अर्थ आहे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटची तिसरी बटालियन. आधी बटालियन, मग रेजिमेंट. हे आकडे १९२२ च्या पुनर्रचनेनंतरचे आहेत. त्यापूर्वी प्रत्येक पलटणीला एकच मोठा आकडा असे. १०३ वी मराठा पलटण पुढे १/५ झाली, १०५ वी २/५ झाली, ११० वी ३/५, ११६ वी ४/५, ११७ वी ५/५. आणि ११४ वी ही शिक्षणाची १०/५ झाली. तेव्हा एखाद्या कागदावर भरतीच्या जागी '११०' आणि निवृत्तीच्या जागी '३/५' असेल, तर माणसाने पलटण बदलली असे समजू नये. पलटणीनेच नाव बदलले. याच्या उलट '१११ वी महार' ही पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली गेली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ च्या ऑक्टोबरात. मधल्या वीस वर्षांत त्या नावाने शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही, आणि त्याचे कारण माणूस खोटा होता हे नव्हे.

हुद्द्याचे संक्षेप सोपे आहेत. 'सेप.' म्हणजे सिपॉय, साधा शिपाई. मात्र तारखेच्या सदरात तेच 'सेप.' सप्टेंबर महिना होते. 'एन.के.' नाईक, त्याआधी तिरकी रेघ आणि 'एल' असेल तर लान्स नाईक, 'हॅव.' हवालदार, 'जेम.' जमादार, 'सब.' सुभेदार. जमादार आणि सुभेदार यांना मिळून 'व्ही.सी.ओ.' म्हणत, म्हणजे व्हाइसरॉयच्या सनदेचा अधिकारी. येथे एक गमतीची, पण घरोघर वादाची गोष्ट होते. 'व्ही.सी.ओ.' मधील शेवटचे अक्षर पुसट झाले की 'व्ही.सी.' उरते, आणि आजोबांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता अशी कथा कुटुंबात रूढ होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या लढाईत मराठा पलटणींच्या दोन वीरांना तो क्रॉस मिळाला: ३/५ चे नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ च्या जुलैतील पराक्रमासाठी मरणोत्तर, आणि १/५ चे शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ च्या एप्रिलमधील पराक्रमासाठी. त्यांची नावे जगजाहीर आहेत. आपल्या आजोबांचा मान सुभेदारीचा असेल तर तोही लहान नव्हे. त्याला उसन्या क्रॉसची गरज नाही.

एक अक्षर मात्र असे आहे की ज्यावर आम्ही प्रथम बोट ठेवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वयंपाकी, भिस्ती, धोबी, सफाईवाले, मोची अशा माणसांपुढे 'एन.सी.' असे लिहीत. म्हणजे नॉन-कॉम्बॅटंट, न लढणारा. त्याच्यापुढे कंसात 'ई' किंवा 'यू' असे. 'ई' म्हणजे एन्रोल्ड, रीतसर भरती होऊन लष्करी कायद्याखाली आलेला. 'यू' म्हणजे अनएन्रोल्ड, भरती न झालेला. दोघेही त्याच चुलीपाशी बसले, त्याच बॉम्बखाली सापडले. पण हक्काच्या हिशेबात एक आत आणि एक बाहेर. आजच्या कारखान्यातील कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांत जो फरक, तोच हा.

आता गाव. आपल्या जिल्ह्याच्या माणसांना येथे विशेष काळजी घ्यावी लागते. १९०६ पर्यंत सगळा एकच खानदेश जिल्हा होता. त्या साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि नंदुरबार, शहादे, तळोदे, नवापूर हा प्रदेश पश्चिम खानदेशात गेला. पुढे पश्चिम खानदेशाचे नाव धुळे जिल्हा झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा निघाला. म्हणून ब्रिटिश काळच्या कागदावर जिल्हा म्हणून 'नंदुरबार' कधीच मिळायचा नाही. तेथे 'डब्ल्यू. खानदेश' असेल, डब्ल्यू म्हणजे वेस्ट. पहिल्या महायुद्धाचा कागद असूनही काही वेळा कारकून सवयीने नुसते 'खानदेश' लिहून मोकळा होतो. पत्त्यात पुढे 'पी.ओ.' म्हणजे पोस्ट, 'टी.ओ.' म्हणजे तारघर आणि 'आर.एस.' म्हणजे जवळचे रेल्वे स्टेशन. या शेवटच्या सदरात 'नंदुरबार, टी.व्ही.आर.' असे दिसले तर माणूस नंदुरबार गावचाच होता असे ठरवू नये. टी.व्ही.आर. म्हणजे तापी व्हॅली रेल्वे, सुरतेहून आपल्या गावावरून अंमळनेरकडे गेलेली लोहमार्गाची वाट. सातपुड्यातील कितीतरी खेड्यांना स्टेशन म्हणून नंदुरबारच जवळचे.

येथेच आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. जेम्स औट्रम याने १८२५ साली उभारलेली खानदेश भिल्ल कोअर ही सैन्याच्या नेहमीच्या पलटणींपैकी नव्हती, आणि पुढे ती पोलिसांत मिळून गेली. त्या घराण्यांतील माणसांनी मराठा पलटणीच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात अर्ज करून वेळ दवडू नये. तो शोध मुलकी आणि पोलीस दप्तरांत घ्यावा लागतो, म्हणजे जिल्ह्याच्या जुन्या दप्तरात आणि मुंबईच्या राज्य अभिलेखागारात.

तो कोठे होता?

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून जी सैन्ये बाहेर गेली त्यांना 'आय.ई.एफ.' म्हणत, इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे मोहिमेवरील हिंदी सैन्य. त्यापुढे एक अक्षर. 'ए' फ्रान्सला गेले, 'बी' आणि 'सी' पूर्व आफ्रिकेला, 'डी' मेसोपोटेमियाला म्हणजे आजच्या इराकला, 'ई' आणि 'एफ' इजिप्तला, 'जी' गॅलिपोलीला. महाराष्ट्रातील घरांत बहुतेक 'डी' सापडते. ज्याला आपली म्हातारी माणसे बसऱ्याची लढाई म्हणत, ती हीच. कुत या गावी जे सैन्य वेढ्यात सापडले त्यात १०३, ११० आणि ११७ या तीनही मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ते सैन्य तुर्कांना शरण गेले.

साल पाहणे किती अगत्याचे आहे याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'एम.ई.एफ.'. १९१५ सालच्या गॅलिपोलीच्या कागदात हे मेडिटरेनियन एक्स्पिडिशनरी फोर्स. १९१६ किंवा १९१७ च्या बसऱ्याकडील कागदात तेच मेसोपोटेमियन एक्स्पिडिशनरी फोर्स. आणि १९४१-४२ च्या कागदात ते मिडल ईस्ट फोर्सेस, म्हणजे इजिप्त-लिबियाकडील सैन्य. अक्षरे तीच, पण एक माणूस समुद्रकाठी, दुसरा तैग्रिसच्या चिखलात, तिसरा वाळवंटात. नंतर १९४४-४५ मध्ये 'सी.एम.एफ.' दिसते, सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, इटलीतील सैन्य. 'एस.ई.ए.सी.' असेल तर आग्नेय आशिया, म्हणजे बहुधा ब्रह्मदेशाची आघाडी.

एका जागेहून दुसऱ्या जागेला गेल्याची नोंद दोन संक्षेपांनी होते. 'टी.ओ.एस.' म्हणजे टेकन ऑन स्ट्रेंग्थ, पटावर घेतला. 'एस.ओ.एस.' म्हणजे स्ट्रक ऑफ स्ट्रेंग्थ, पटावरून कमी केला. बुडत्या जहाजाच्या हाकेशी याचा काही संबंध नाही, आणि माणूस मेला असाही याचा अर्थ नाही. एका पलटणीच्या पटावरून कमी झाला की तो दुसरीच्या पटावर चढला पाहिजे. हे जमाखर्चासारखे आहे. एका पानावर नावे पडले की दुसऱ्या पानावर जमा दिसले पाहिजे. 'एस.ओ.एस.' आहे आणि पुढे 'टी.ओ.एस.' कोठेच नाही, तेथे थांबावे आणि कारण शोधावे. मृत्यू, कैद, बडतर्फी किंवा घरवापसी, यांपैकी काहीतरी तेथे लपलेले असते.

समजुतीसाठी एक नमुना घेऊ. हा कोणा माणसाचा कागद नव्हे, आम्हीच रचलेला आहे. '१९४४, टी.ओ.एस. ३/५ एम.एल.आय., सी.एम.एफ. पुढे, वुंडेड, जी.एस.डब्ल्यू., एल. थाय. ॲड. सी.सी.एस. ट्रान्स. आय.जी.एच. डिस. डेपो.' आता वाचू. १९४४ साली हा शिपाई इटलीत मराठ्यांच्या तिसऱ्या बटालियनच्या पटावर आला. पुढे जखमी झाला, जी.एस.डब्ल्यू. म्हणजे गनशॉट वुंड, डाव्या मांडीला. 'एल' म्हणजे लेफ्ट, डावा. या संक्षेपावरून गोळीच लागली असे धरू नये. तोफगोळ्याच्या तुकड्याची जखमही पुष्कळदा याच नावाखाली घालीत. 'ॲड.' म्हणजे दाखल केला, 'सी.सी.एस.' म्हणजे कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, आघाडीमागचे पहिले मोठे उपचारकेंद्र. तेथून बदली इंडियन जनरल हॉस्पिटलात. शेवटी 'डिस.': डिस्चार्ज, पण इस्पितळातून. नोकरीतून नव्हे. कारण पुढचा शब्द 'डेपो' आहे. घरातल्या कोणी हा शब्द पाहून आजोबांना त्याच दिवशी नोकरीतून काढले असे मानले, तर नोकरीची वर्षे कमी धरली जातात आणि हक्काचा हिशेबच चुकतो.

त्याचे काय झाले?

'के.आय.ए.' म्हणजे किल्ड इन ॲक्शन, लढाईत ठार. 'डी.ओ.डब्ल्यू.' म्हणजे डाइड ऑफ वुंड्स, जखमांनी मागाहून मृत्यू. 'डी.ओ.डी.' म्हणजे डाइड ऑफ डिसीज, रोगाने मृत्यू. बायकामुलांना दुःख सारखेच. पण जखम आणि रोग यांत पेन्शनच्या कचेरीला फार मोठे अंतर दिसे. नुसते 'एम.' असेल तर सदर पाहावे. कुटुंबाच्या सदरात ते मॅरिड, विवाहित. जखमी-मृतांच्या सदरात ते मिसिंग, बेपत्ता. 'पी.डब्ल्यू.' म्हणजे प्रिझनर ऑफ वॉर, युद्धकैदी. बांधकाम खात्याशी त्याचा संबंध नाही. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले तेव्हा २/५ मराठा तेथे होती. त्या पलटणीच्या कागदावर त्या तारखेच्या आसपास 'मिसिंग' आणि काही महिन्यांनी 'पी.डब्ल्यू.' असे दिसले, तर दोन नोंदी परस्परविरुद्ध नाहीत. आधी माणूस सापडेना, मग तो कैदेत आहे असे कळले.

रोगांच्या सदरात 'बी.टी.' आणि 'एम.टी.' ही अक्षरे वारंवार येतात. दोन्ही हिवतापाचे प्रकार. 'बी.टी.' म्हणजे बिनाइन टर्शियन, एकाआड एक दिवस येणारा सौम्य हिवताप, 'एम.टी.' म्हणजे मॅलिग्नंट टर्शियन, जिवावर बेतणारा. पण तेच 'एम.टी.' पलटणीच्या सदरात असेल तर मेकॅनिकल ट्रान्स्पोर्ट, मोटारींची वाहतूक. आणि त्याची जोड 'ए.टी.', ॲनिमल ट्रान्स्पोर्ट, खेचरांची वाहतूक. एकाच कागदावर दोन 'एम.टी.' असू शकतात: माणूस मोटार चालवीत होता आणि त्याला जबर हिवताप झाला होता. 'पी.यू.ओ.' म्हणजे कारण न कळलेला ताप, 'एन.वाय.डी.' म्हणजे रोगनिदान अद्याप झालेले नाही.

शिक्षेचे सदर कुटुंबातील माणसे घाईने उलटून टाकतात. तसे करू नये. तेथे '७ डेज सी.एल.' असेल तर कचेरीत काम करणारे आपण त्याला कॅज्युअल लीव्ह समजू, किरकोळ रजा. येथे अर्थ नेमका उलटा आहे: कन्फाइन्ड टु लाइन्स, सात दिवस बराकीबाहेर पडण्यास बंदी. 'ए.डब्ल्यू.एल.' म्हणजे रजेवाचून गैरहजर. पेरणीच्या दिवसांत गावाहून उशिरा परतलेल्या शेतकऱ्याच्या पोराची ही नोंद आहे की दुसऱ्या कशाची, हे तारखेवरून ओळखता येते.

का सोडला, काय मिळाले?

'डिस.' आणि 'डेस.' हे दोन संक्षेप शेजारी ठेवून पाहा. पहिला डिस्चार्ज्ड, मुक्त केलेला. दुसरा डेझर्टेड, पळून गेलेला. इंग्रजी लेखणीत या दोहोंत एका ठिपक्याचा फरक, आणि त्या ठिपक्यावर सबंध घराण्याची अब्रू. अशा जागी एका शब्दावर निकाल देऊ नये. पळून गेलेल्या माणसाला चारित्र्याचा दाखला मिळत नाही. कागदाच्या शेवटी 'कॅरेक्टर' या सदरात 'एक्झेम.' म्हणजे एक्झेम्प्लरी, आदर्श, किंवा 'व्ही.जी.' म्हणजे व्हेरी गुड, असे असेल तर तो 'डेस.' नसून 'डिस.'च आहे, हे निःशंक समजावे.

सुटकेच्या कारणात 'एस.एन.एल.आर.' असेल तर त्याचा अर्थ सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड, आता याच्या नोकरीची जरूर नाही. हे वाक्य कामगारांना परके नाही. ते सभ्य दिसते, पण त्यामागे काय होते ते सांगत नाही. ते कधी किरकोळ तक्रारींची बेरीज असते, कधी नुसती अडचण. त्याहून निराळे 'डीमोब.', डीमोबिलायझेशन, युद्ध संपल्यामुळे झालेली सरसकट कपात. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांच्या घरात पोचले होते. शांतता होताच त्यांतील बहुसंख्यांना घरी पाठविण्यात आले, आणि पेन्शनला लागणारी वर्षे पुरी न झाल्यामुळे त्यांना पेन्शन मिळाले नाही. युद्धात त्यांची चूक नव्हती, शांततेतही नव्हती. अशा पेन्शनवाचून राहिलेल्या महायुद्धकाळच्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी महाराष्ट्र शासनाने पुढे मासिक अनुदान सुरू केले. त्या अर्जाला पुरावा लागतो तो याच जुन्या कागदाचा.

अपंगत्वाच्या पेन्शनचा वाद आणखी बारीक आहे. व्याधी नोकरीमुळे झाली काय, किंवा नोकरीमुळे वाढली काय, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकीय मंडळ लिहिते. स्वातंत्र्यानंतरच्या कागदांत नकारी उत्तराचा संक्षेप 'एन.ए.एन.ए.' असा येतो. नोकरीमुळे झालीही नाही आणि वाढलीही नाही. ही अक्षरे सलग वाचली तर 'नाना' होतात, आणि या नानांनी किती घरांची पेन्शने अडविली ते विचारू नये. पण येथे एक दिलाशाची गोष्ट आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सैनिकाच्या दाव्यात, त्या वेळच्या नियमांचा अर्थ लावून, असे ठरविले की भरतीच्या वेळी त्याच्या कागदात व्याधीची नोंद नसेल, तर ती व्याधी नोकरीत जडली असे मानण्याकडे कल असावा. उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. म्हणजे कोऱ्या राहिलेल्या सदरानेही साक्ष दिली. कागद वाचताना जे लिहिले आहे तेवढेच पाहू नये. जेथे लिहायला हवे होते आणि लिहिलेले नाही, ती जागाही पाहावी.

आझाद हिंद सेनेत गेलेल्यांची गोष्ट निराळी. युद्धानंतर ब्रिटिशांनी त्यांची चौकशी करून पांढरे, करडे आणि काळे असे तीन वर्ग पाडले. 'काळा' शेरा ज्यावर बसला त्याची नोकरी गेली आणि थकलेला पगारही बुडाला. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने आझाद हिंद सेनेतील सैनिकांना स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान-पेन्शनीत घेतले. शेरा तोच राहिला. वाचणारे सरकार बदलले.

हे सांगताना आपल्या गावाचा विसर पडता कामा नये. ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात हुतात्मा झाले. त्याच महिन्यात महाराष्ट्राची हजारो पोरे त्याच सरकारच्या पलटणींत आफ्रिकेत आणि पूर्व सरहद्दीवर उभी होती. त्यामुळे पुष्कळ घरांत हे कागद थोड्या संकोचानेच ठेवलेले असतात. आम्हांस वाटते, संकोचाचे कारण नाही. शिपाई भरतीला गेला तो बहुतेक वेळा कोरडवाहू शेताने आणि सावकाराने धाडला म्हणून. मालक कोण होता हा एक प्रश्न आहे. मजुराची मजुरी पुरी मिळाली काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कसेही असले तरी दुसरा प्रश्न विचारण्याचा हक्क जात नाही.

ज्यांना अक्षरेही मिळाली नाहीत

संक्षेपाची शेवटची पायरी म्हणजे माणसाचा आकडा होणे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्या ज्या सैनिकांना थडगे मिळाले नाही, अशा ४० हजारांवर माणसांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे आली, हिंदी अधिकाऱ्यांची आली. पण हिंदी शिपाई आणि नाईक-हवालदार यांच्या बाबतीत पलटणीच्या नावाखाली अमुक इतके इतर, असा केवळ आकडा खोदला गेला. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली अहवाल काढून हे मान्य केले. ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांचे स्मरण नावाने झालेच नाही किंवा मुळीच झाले नाही, असे तो अहवाल म्हणतो. हे बहुतेक आफ्रिका, हिंदुस्थान आणि मध्यपूर्वेकडील लोक. पदकांतही हाच भेद दिसतो. शिपायाला जे युद्धपदक चांदीचे मिळाले, तेच मजूर तुकड्यांतील माणसाला काशाचे. घरात काळपट पदक सापडले तर ते खोटे समजून मोडीत घालू नका. ते ओझे वाहणाऱ्याचे पदक असू शकेल.

वाचकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, कागदाची नक्कल उतरून घ्यावी; ठिपके, रेघा, चुका सर्व जशाच्या तशा. अर्थ लावण्याची घाई नक्कल करताना करू नये, नाहीतर आपला तर्कच कागद म्हणून उरतो. दुसरी, अस्सल कागदाला प्लॅस्टिकचे आवरण चिकटवू नये आणि तो कोणाच्याही हाती देऊ नये. छायाप्रत द्यावी, आणि अर्जाची शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तिसरी, नंबर आणि पलटण मिळताच संबंधित रेकॉर्ड ऑफिसाला लिहावे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. अर्जात जुना जिल्हा आणि नवा जिल्हा दोन्ही लिहावेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडूनही अर्ज पुढे धाडता येतो. मृत सैनिकाचे नाव युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत संगणकावर पाहता येते. मात्र नावाची इंग्रजी अक्षरे तीन-चार तऱ्हांनी बदलून पाहावीत, आणि 'मराठा' या शब्दात त्या काळी 'एच' हे अक्षर 'आर'च्या आधी लिहीत हे ध्यानात ठेवावे. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश शिपायांचे बहुतांश कागद १९४० च्या सप्टेंबरात लंडनवरील बॉम्बहल्ल्यात जळाले, हे खरे. पण ते गोऱ्या शिपायांचे दप्तर होते. आपला कागद लंडनला जळाला, असे कोणी खिडकीवर सांगितले तर ते मानून परत फिरू नये.

आणि शेवटी, नक्कलेच्या प्रत्येक ओळीखाली तिचा अर्थ मराठीत पुरा लिहून ठेवावा: कोठे गेला, केव्हा, काय झाले, का सुटला. ज्या जागेचा अर्थ लागत नाही तेथे जागा मोकळी सोडावी, आणि तो कागद रेशनकार्डाच्या आणि सात-बाराच्या पिशवीतच ठेवावा. तेथे घरातील बायामाणसांचा हात रोज पोचतो, आणि अर्ज करण्याची पाळी बहुतेक वेळा त्यांच्यावरच येते.